प्रेअरी प्रदेशातील व्यापारी-राजकारण्याचे चरित्र कसे लिहावे

कॅनडाच्या प्रेअरी प्रदेशातील, म्हणजे मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या प्रांतांतील, एखाद्या व्यापारी-राजकारण्याविषयी मराठीत लिहायचे असेल, तर त्याच्या पक्षाआधी त्याचे दुकान समजून घ्यावे. उदाहरण म्हणून सस्कॅचेवानचे रॉस थॅचर घेऊ. ते १९६४ ते १९७१ या काळात त्या प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री होते.

थॅचर यांचा जन्म १९१७ मधला. क्वीन्स विद्यापीठातून वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर त्यांनी मांस-प्रक्रिया उद्योगातील एका मोठ्या कंपनीत काम केले आणि पुढे सस्कॅचेवानमधील मूस जॉ या शहरात परतून घरचा हार्डवेअरचा व्यवसाय सांभाळला. अशा व्यवसायाचा माग काढण्यासाठी त्या काळच्या शहर-निर्देशिका (रहिवासी आणि दुकानांची नावे-पत्ते देणारी पुस्तके), स्थानिक वृत्तपत्रांतील जाहिराती आणि नगरपालिकेच्या नोंदी पाहाव्यात. थॅचर स्वतः मूस जॉच्या नगर परिषदेचे सदस्य होते. शोध घेताना पूर्ण नाव वापरावे, कारण त्यांचे पुत्र कॉलिन हेही पुढे प्रांतिक मंत्री झाले आणि दोघांच्या नोंदी सहज एकमेकांत मिसळतात.

यानंतर पक्षांतराचा प्रश्न येतो, आणि येथे चरित्रकाराने अजिबात घाई करू नये. थॅचर १९४५ मध्ये संघीय संसदेत निवडून आले ते को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन या समाजवादी पक्षाकडून. कंपन्यांवरील कराबाबत मतभेद झाल्यावर १९५५ मध्ये त्यांनी तो पक्ष सोडला आणि नंतर ते लिबरल पक्षात गेले. याला संधिसाधूपणा म्हणून मोकळे होण्याआधी संसदेतील भाषणे तारखेच्या क्रमाने वाचावीत, म्हणजे मत कधी आणि कोणत्या मुद्द्यावर बदलले हे दिसू लागेल. २० मे १९५७ रोजी सस्कॅचेवानमधील मॉसबँक गावात त्याच समाजवादी पक्षाचे तेव्हाचे प्रीमियर टॉमी डग्लस यांच्याशी त्यांचा सरकारी उद्योगांवर जाहीर वाद झाला. तो रेडिओवरून प्रसारित झाला आणि दोन्ही बाजूंनी आपापला विजय सांगितला. म्हणून एकाच पक्षाच्या समर्थकाची आठवण निर्णायक मानू नये.

निवडणुकीचे आकडेही असेच तपासून घ्यावेत. १९६४ मध्ये लिबरल पक्षाने वीस वर्षांची समाजवादी राजवट संपवली खरी, पण दोन्ही पक्षांच्या मतांच्या टक्केवारीत नाममात्र फरक होता. ‘जनतेने समाजवाद नाकारला’ असे एका वाक्यात लिहिणे त्यामुळे चुकीचे ठरेल.

माझ्या मते चरित्राचा खरा कस कारभाराच्या प्रकरणात लागतो. खासगी उद्योगाचा पुरस्कार करणाऱ्या याच नेत्याच्या सरकारने प्रिन्स अल्बर्ट येथील कागद-लगद्याच्या कारखान्यासाठी कर्जाची हमी दिली आणि त्यात भागभांडवलही घेतले. पोटॅश या खतासाठी लागणाऱ्या खनिजाचे भाव कोसळल्यावर त्याच सरकारने खाणींच्या उत्पादनावर मर्यादा आणि विक्रीवर किमान भाव लादला. १९३० पासून नैसर्गिक साधनसंपत्ती प्रेअरी प्रांतांच्या ताब्यात आली होती, त्यामुळे असा निर्णय प्रांतिक नेत्याच्या हाती होता. ही घटनात्मक पार्श्वभूमी दिली नाही तर मराठी वाचकाला हे प्रकरण कळणारच नाही. हा विरोधाभास झाकून ठेवू नये. दुकानदारीचा अनुभव जेथे धोरणाचा उलगडा करतो तेथे तसे सांगावे आणि जेथे तो अपुरा पडतो तेथे तेही स्पष्ट लिहावे.

आरोग्यसेवेवरील शुल्काचे परिणाम मात्र घराघरातल्या खर्चाच्या पातळीवर मांडावेत. १९६८ मध्ये डॉक्टरांच्या दवाखान्यातील भेटीसाठी दीड डॉलर आणि रुग्णालयात राहण्यासाठी दिवसाला अडीच डॉलर आकारले जाऊ लागले. मोठे कुटुंब, वृद्ध आणि दीर्घकाळ आजारी असलेले लोक यांना हे शुल्क पुन्हा पुन्हा भरावे लागे, म्हणून रकमेबरोबर तिची वारंवारताही लिहावी. १९७१ च्या निवडणुकीत ६० पैकी ४५ जागा विरोधी न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला (जुन्या समाजवादी पक्षाच्याच वारसदाराला) मिळाल्या आणि ॲलन ब्लेकनी यांच्या नव्या सरकारने हे शुल्क रद्द केले. पराभवानंतर काही आठवड्यांतच, जुलै १९७१ मध्ये, थॅचर यांचे निधन झाले. त्यामुळे शेवटच्या प्रकरणासाठी मृत्युलेखांवर विसंबू नये. त्यांतला सूर स्वाभाविकच मवाळ असतो. विधिमंडळातील चर्चा आणि निवडणुकीच्या काळातील दैनिके शेजारी ठेवूनच ते प्रकरण लिहावे.