लाकडी धनुष्याला बॅकिंग लावताय? आधी या चुका टाळा

घरी धनुष्य बनवणारे बरेच जण पहिला प्रश्न हाच विचारतात की सगळ्यात मजबूत बॅकिंग, म्हणजे धनुष्याच्या पाठीवर चिकटवायचा थर, कुठलं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आधी तुमच्या लाकडाला नेमकं काय कमी पडतंय ते बघा, मग बॅकिंग शोधा.

धनुष्य ओढलं की पाठ, म्हणजे टार्गेटकडची बाजू, ताणली जाते आणि पोट, म्हणजे आपल्याकडची बाजू, दाबली जाते. लाकूड ताणून ताणून जेमतेम एक टक्का ताणलं जातं, त्यापुढे पाठीवर कुठेतरी ढलपी उचलते आणि तिथूनच मोडतं. आता काही बॅकिंग फक्त ही ढलपी दाबून ठेवतं, म्हणजे पातळ कच्चं कातडं, रेशीम, लिनन वगैरे. आणि काही बॅकिंग स्वतः ताण अंगावर घेतं, म्हणजे बांबू, जनावराची शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी चिवट दोरी), फायबरग्लास. ही दोन कामं वेगळी आहेत, एकाचं काम दुसऱ्याला सांगितलं की धनुष्य गेलंच समजा.

गरज नसताना बॅकिंग लावणं ही सगळ्यात कॉमन चूक. फांदीचं किंवा खोडाचं लाकूड असेल, साल काढल्यावर पाठीवर एकाच वर्षाच्या वाढीची कडी टोकापासून टोकापर्यंत न तुटता गेली असेल, तर काहीच लावायला नको. १५४५ साली बुडालेल्या मेरी रोझ जहाजावरची इंग्लिश धनुष्यं यू झाडाच्या एकाच लाकडाची आहेत, बाहेरचं पांढरट लाकूड पाठीला आणि आतलं गाभ्याचं पोटाला, बॅकिंग झाडानेच दिलेलं. आपल्याकडे नंदुरबारच्या बाजूला भिल्ल लोक बांबूचं कामठं करतात, त्याची दोरीसुद्धा बांबूच्या कामटीची असते, वरून काही चिकटवत नाहीत. धामणीचं सरळ लाकूड मिळालं तरी तेच, पाठ नीट जपली की बास.

बॅकिंग लागतं ते मुख्यतः वखारीतून आणलेल्या फळीला, कारण करवतीने कड्या कापल्या गेलेल्या असतात. पण इथेही लोक एक गोष्ट विसरतात. फळीच्या रेषा समोरून आणि कडेने दोन्हीकडून बघा, रेषा मध्येच तिरकी होऊन काठाबाहेर पळत असेल तर ती फळी धनुष्याची नाहीच, तिच्यावर कातडं लावलंत तर मोडणं चार दिवस पुढे जाईल एवढंच. गाठ असेल तर आणखी वाईट. टिलरिंग, म्हणजे लाकूड खरवडून सगळीकडे वाक सारखा आणण्याचं काम, बिघडलंय, एकाच जागी जास्त वाकतंय, आणि वरून कापड चिकटवून ते झाकायचं, हेही करू नका प्लीज. आधी वाक सारखा करा.

आता बांबू. आपल्याकडे मुबलक आणि स्वस्त, आणि ताणाला इतका भक्कम की फळीवर लावायला याच्यासारखं दुसरं काही नाही, असं माझं ठाम मत आहे. पण बांबू पोटाला माफ करत नाही. पाठ ताणायला तयारच नसली की सगळा भार पोटावर येतो, आणि पोटाला पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन किंवा तसलंच मऊ लाकूड असलं तर ते चुरडतं. हे ओळखायचं कसं, तर धनुष्य उजेडात तिरकं धरून पोटाकडची बाजू बघा. केसासारखी बारीक आडवी रेघ दिसेल, नख फिरवलं तर किंचित अडकेल. ती ओरखडा समजून पॉलिश पेपरने घासून काढू नका, आतला धागा दबून मोडलेला आहे, तो परत जुळत नाही. तिथलं वाकणं कमी करा, म्हणजे त्याच्या आजूबाजूचं लाकूड थोडं खरवडा, आणि ड्रॉ वेट, म्हणजे धनुष्य ओढायला लागणारा जोर, पाच-दहा पौंडांनी खाली आणा. नवीन बनवत असाल तर पाठीची रुंदी पोटापेक्षा थोडी कमी ठेवा म्हणजे बांबूचा जोर कमी होतो. जुन्या कारागिरांना हे पक्कं माहीत होतं बघा, तुर्की धनुष्यात पाठीला शीर म्हणून पोटाला शिंग, जपानी धनुष्यात दोन्ही बाजूंना बांबू. जाड फायबरग्लासचंही हेच आहे, एकट्या पाठीला लावून मऊ पोटाचं वाटोळं होतं.

बांबूची पट्टी लोक जाड ठेवतात, ती पण चूक. मुठीपाशी मधोमध तीनेक मिलिमीटर आणि टोकाकडे दोन किंवा त्याहून कमी, एवढी पुरते. पातळ करायची ती आतल्या बाजूने, रंध्याने सपाट करून. बाहेरच्या कडक सालीखालचे धागेच खरी ताकद आहेत, ते तासलेत तर उरलं काय? पेरांवरचा उंचवटा फक्त हलक्या हाताने गोल करा. आणि बांबूतून बारीक पीठ पडत असेल तर त्याला कीड लागलीये, दुसरा आणा.

परदेशी व्हिडिओ बघून हरणाची शीर आणि हरणाचं कातडं शोधायला जाऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ते जवळ बाळगणंच गुन्हा आहे. म्हशीच्या पायामागची शीर चालते. पण खरं सांगायचं तर शिरेचा फायदा आखूड धनुष्याला, जिथे लाकडाला ताण झेपत नाही, सहा फुटी धनुष्यावर ती नुसतं वजन वाढवते. शिवाय सुकवायची, कुटायची, धागे विंचरायचे, गरम सरसात, म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदात, बुडवून एकेक थर लावायचा आणि मग कित्येक आठवडे वाट बघायची. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका, सरस हवेतलं पाणी ओढतो आणि तयार धनुष्यसुद्धा ढिलं पडतं.

कातड्यात चूक होते ती कमावलेलं चामडं आणण्याची. चपलेचं, पर्सचं चामडं ताणत जातं, ते ढलपी धरून ठेवणार नाही. हवं ते कच्चं, न कमावलेलं, बकऱ्याचं पातळ. ढोलकी, हलगी, तबला मढवणाऱ्यांकडे विचारा, त्यांच्याकडे कापून उरलेले तुकडे असतात, मुठीवर जोडून दोन लांब पट्ट्या लावल्या तरी चालतं. पाण्यात भिजवून मऊ करा, पाणी निपटा, दोन्हीकडे गोंद लावून बसवा, वरून सुती बँडेज गुंडाळा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घाई नको, ओल्या कातड्याचं पाणी लाकडात उतरलेलं असतं, आठवडा-दोन आठवडे वाळू द्या, ओलसर असताना ओढलंत तर लाकूड कायमचं वाकून बसेल.

कापड लावणार असाल तर दुकानदार सिल्क म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नका. एक धागा काढून जाळा. खऱ्या रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. पॉलिस्टर आणि नायलॉन इतके ताणतात की ते कामाला लागेपर्यंत लाकूड तुटलेलं असतं. लिनन मात्र मस्त, पण कॉटन मिक्स नको.

गोंदाबद्दल थोडक्यात. चपलेला लावायचं रबर सोल्युशन अजिबात नको, ते वाळूनही लवचिक राहतं आणि थर एकमेकांवर सरकतात. कापड-कातड्याला फेविकॉलसारखा पांढरा गोंद ठीक, तोही वॉटरप्रूफ घ्या. बांबूला अराल्डाइटसारखं इपॉक्सी बरं, मात्र क्लॅम्प जीव खाऊन आवळू नका, सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळल्या की दाब सगळीकडे सारखा बसतो. साग तेलकट असतो, लावायच्या आधी ॲसिटोनने पुसा आणि मग त्यावर बोट फिरवू नका.

ओढताना कट् असा आवाज आला तर तिथेच थांबा, अजून थोडं ओढून बघूया असं नको. दोरी उतरवा, पाठ आणि दोन्ही कडा बोटाने चाचपा. बॅकिंगची नुसती कड सुटली असेल तर आतला जुना गोंद खरवडून परत चिकटवा, वरून दोरा गुंडाळा. कातड्याखाली फुगवटा लागत असेल तर खाली ढलपी उठलीये, तेवढं कातडं सोडवून ढलपीखाली पातळ सुपरग्लू मुरवा, दोरा आवळून बांधा. जखम खोल असेल किंवा कडेपर्यंत पोचली असेल तर ते धनुष्य बाजूला ठेवा. आणि दुरुस्तीनंतरचं पहिलं ओढणं हातात धरून नको, भिंतीला टांगून, कप्पीतून दोर घेऊन, दोन-तीन मीटर लांब उभं राहून करा, डोळे त्या रेषेत आणू नका.