लेकरू अठराचं व्हायच्या आत

कर्नाटकातल्या आळंदहून आम्ही सोलापुरात आलो त्याला २३ वर्षं झाली. आमचे मालक टॉवेलच्या कारखान्यात लागले, आणि माझ्या कडेवर वर्षाचा मुलगा होता, सेरेब्रल पाल्सी असलेला, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं हातपाय नीट न ऐकणारा. गुलबर्गा, विजापूर, बिदरकडून अजूनही घरं इकडं येतात. ज्यांच्या घरी दिव्यांग लेकरू वयात येतंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आल्या दिवसापासून राहिल्याचा पुरावा जपा. निराधार आणि दिव्यांगांना दरमहा पैसे देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेला महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. भाडेपावती, लाइट बिल, शाळेचा दाखला, काहीच फेकू नका. गावाकडच्या रेशनकार्डातून नावं कमी करून इथं चढवून घ्या. जन्माचा दाखला कन्नडमध्ये असेल तर त्याचं भाषांतर आधीच करून ठेवा. युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मात्र देशभर चालतं, त्यावरचा पत्ता तेवढा बदलायचा.

आता पैशाचं. निराधारचा पगार १८ वर्षांनंतर मुलाच्या स्वतःच्या नावावर होतो. दिव्यांगांसाठी ती रक्कम २०२५ मध्ये महिना १,५०० वरून २,५०० झाली. दिव्यांगत्व किमान ४० टक्के लागतं. पण नाव मुलाचं असलं तरी उत्पन्न बघतात ते घराचं, आणि त्याची मर्यादा वर्षाला ५०,००० आहे. मुलगा अठराचा झाला त्या महिन्यात मी अर्ज घेऊन गेले. बापाच्या पगाराच्या चिठ्ठ्या पाहून अर्ज परत आला. लेकराच्या हातात एक रुपया नसताना त्याला कमावत्या घरातला धरायचं, हे मला आजही पटत नाही. बाहेर पडले तर "कमी उत्पन्नाचा दाखला काढून देतो" म्हणणारा एकजण उभाच होता. त्या वाटेला जाऊ नका. चौकशी झाली की घेतलेले पैसे भरावे लागतात, आणि डाग मुलाच्या नावाला लागतो.

घरात मुलगी असेल तर एक लक्षात ठेवा. तिला निराधारचे २,५०० मिळत असतील तर लाडकी बहीण तिला मिळत नाही. तिच्या आईची पात्रता वेगळी बघतात, म्हणून मुलीच्या पगाराला भिऊन आईचा अर्ज अडवू नका.

नोकरदार बापाचं सगळ्यात मोलाचं कागद पीएफचं. कामगार गेला तर त्याच्या पेन्शनमधून मुलांना २५ वर्षांपर्यंतच मिळतं, पण पूर्ण आणि कायमचं अपंगत्व असलेल्या लेकराला ते जन्मभर मिळतं. रेल्वे किंवा सरकारी नोकरीतही कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला २५ नंतर कुटुंब निवृत्तिवेतन चालू राहतं, मात्र त्याच्या स्वतःच्या उत्पन्नाची अट असते. हे नाव बापाच्या हयातीतच लावून घ्या. माणूस गेल्यावर, रडता रडता, मेडिकलचे कागद गोळा करणारी बाई मी पाहिलीय. आणि ते पेन्शन सुरू झालं की निराधारच्या हिशोबात उत्पन्न म्हणून धरलं जातं, हेही ध्यानात असू द्या.

आयकर भरणाऱ्यांनी जुनी करपद्धत निवडली तर दिव्यांग मुलासाठी बापाला (१९६१ च्या आयकर कायद्यात हे ८०डीडी कलम) उत्पन्नातून ७५,०००, आणि ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर १,२५,००० वजावट मिळते. मुलानं स्वतःच्या विवरणात स्वतःच्या अपंगत्वाची वजावट (त्याच कायद्यातलं ८०यू) घेतली तर बापाची जाते. दोघांपैकी एकच.

शेवटचं, पालकत्व. १८ झाल्यावर आईबाप कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली, कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. पण लेकराला समजत असेल तर घाई करू नका. आमच्या मुलाला सगळं कळतं, फक्त हात ऐकत नाहीत. एका बँकेत साहेब माझ्याकडेच बघून म्हणाले, "पालकाचं पत्र आणा." मी म्हटलं, "साहेब, त्यालाच विचारा." मुलानं अडखळत, वेळ घेत, आपलं पूर्ण नाव सांगितलं. वाकलेल्या बोटांचा ठसा मशीन तीनदा घेईना, चौथ्यांदा डोळ्यांवरून ओळख पटली. खातं त्याच्या एकट्याच्या नावावर आहे.