अंदमानले विमानानं जायचं असंल तर

कापूस विकून झाला की माय-बापाले अंदमान दाखवू, असं दोन वर्षं नुसतं बोलणंच चाललं होतं, शेवटी यंदा जानेवारीत जाऊन आलो. आता गावात जो तो विचारते म्हणून एकदाच लिवून टाकतो.

नागपूरहून कोलकाता नाहीतर चेन्नईले विमान बदला. दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर घेजा, म्हणजे बॅग नागपूरले दिली की सहसा थेट तिकडंच भेटते, वेगवेगळी घेतली तर मधात बॅग उतरवा, पुन्हा लाइनीत लागा, अन् म्हाताऱ्या माणसाचे हाल. बॅगेच्या पट्टीवर आयएक्सझेड (IXZ), म्हंजे पोर्ट ब्लेअरच्या विमानतळाचा कोड, आहे का पाहून घ्या, 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं तरी कोड जुनाच आहे. व्हीलचेअर पाहिजे असंल तर तिकिटासोबतच कंपनीले सांगा. तिखटाची पुडी मोठ्या बॅगेत, पॉवरबँक हातातल्या बॅगेत, इथंच आपले लोक उलटं करतात.

विमान सकाळचं पाहा, तिकडं हिवाळ्यात पाच-सव्वापाचलेच सूर्य बुडते.

विमानतळाले 2002 मध्ये वीर सावरकरांचं नाव दिलं, 1911 ते 1921 ते तिथल्याच सेल्युलर जेलात होते. धावपट्टी नौदलाकडं आहे, म्हणून खाली उतरल्यावर फोटो काढत बसू नका. नव्या टर्मिनलचं उद्घाटन 18 जुलै 2023 ले झालं, काम 710 कोटीचं, आकार शिंपल्यासारखा. छतातून उजेड येते, बाबा वर पाहून म्हणे दिवसा लाइट कायले लावले, मंग सांगा लागलं की बाबा ऊनच आहे ते. चेक-इनचे 28 काउंटर, 3 एरोब्रिज (टर्मिनलातून थेट विमानात जायचे पूल), सामानाचे 4 पट्टे. मायनं बॅगेले जुन्या लुगड्याची चिंधी बांधली होती, आम्ही हासलो, पण पट्ट्यावर सगळ्या काळ्याच बॅगा अन् तिचीच पहिले ओळखू आली! तुम्हीही बांधजा.

पावसाळ्यात हवेमुळं विमान परत फिरू शकते, एखादा दिवस हाताशी ठेवा.

येताना समुद्रावरचं प्रवाळ-शिंपले उचलून आणू नका, प्रवाळाले वन्यजीव कायदा लागते. शिंपले दुकानातून घेतले असतील तर बिल जवळ ठेवा. आमच्या भाच्याच्या खिशातून पांढरा तुकडा निघाला तं तिथंच काढून ठेवा लागला, पोरगं कोलकात्यापर्यंत बोललं नाही.