ऑटोमॅटिक स्कूल बसचा गिअरबॉक्स तापतोय? खोलायच्या आधी हे बघा

मुलं गाडीत असताना गिअरबॉक्सच्या टेंपरेचरचा दिवा लागला तर गाडी डावीकडे घ्या, हॅजर्ड लावा, न्यूट्रल टाका, हँडब्रेक ओढा. इंजिन लगेच बंद करू नका, हे सगळेच चुकतात. इंजिन बंद केलं की गिअरबॉक्सचा पंपही थांबतो आणि तापलेलं ऑइल ते थंड करणाऱ्या कूलरपर्यंत जातच नाही. न्यूट्रलमध्येच रेस देऊन १२०० ते १५०० आरपीएमवर दोन-तीन मिनिटं धरा, टेंपरेचर उतरायला लागलं पाहिजे. नाही उतरलं, किंवा इंजिनचा काटाही वर गेलेला असेल, तर मात्र इंजिन बंद. आणि धूर दिसला किंवा खाली ऑइल गळताना दिसलं तर एक सेकंदही थांबू नका, इंजिन बंद करून आधी मुलांना बसमधल्या मदतनीस मावशींबरोबर फुटपाथवर लांब उभं करा, कारण गरम सायलेन्सरवर ऑइल पडलं तर पेट घेतं.

"शाळा जवळच आहे, हळूहळू नेतो" हे अजिबात नको. हळू चालवल्यानेच तर तो तापतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो ऑइलमधूनच ताकद पुढे देतो, गाडीने वेग घेतला की आतला लॉकअप (दोघांना थेट जोडणारा क्लच) लागतो आणि घसरण बंद होते. मुंबईत साकीनाक्याला किंवा जेव्हीएलआरवर संध्याकाळी गाडी सरकत सरकत चालते तेव्हा लॉकअप लागतच नाही, ऑइल नुसतं घुसळलं जातं आणि बरीचशी ताकद उष्णतेत जाते. त्यात ड्रायव्हर चढावर ब्रेकऐवजी रेसवर गाडी धरून ठेवत असेल तर विचारूच नका. ती सवय आधी मोडा. जिथे मुलं चढतात-उतरतात तिथे आणि लांब सिग्नलला न्यूट्रल आणि हँडब्रेक, मुलांच्या सुरक्षेसाठीही तेच बरोबर आहे.

आता मुख्य गोष्ट, ऑइलची लेव्हल. यावरच मी सगळ्यात जास्त डोकं लावलंय आणि सगळ्यात जास्त चुकीचे सल्लेही इथेच ऐकलेत. गॅरेजवाला म्हणतो "ऑइल कमी असेल, एक लिटर टॉप मारा". अहो, ऑइल कमी असलं तरी तापतो आणि जास्त असलं तरी तापतो! कमी असेल तर पंप हवा खेचतो. जास्त असेल तर आतले फिरणारे पार्ट त्या ऑइलमध्ये बुडून फिरतात, फेस होतो, आणि फेसाळ ऑइल ना प्रेशर देतं ना उष्णता वाहून नेतं. डिपस्टिकवर (ऑइलची लेव्हल बघायच्या पट्टीवर) बुडबुडे दिसले की हेच समजा.

मुंबईत हे होतं कसं बघा. पहाटे पहिल्या फेरीआधी क्लीनर थंड गाडीची डिपस्टिक काढतो, तिच्यावर थंड आणि गरम ऑइलच्या वेगळ्या खुणा असतात, ऑइल गरमच्या खुणेच्या खाली दिसतं, तो ओततो. पण ऑइल तापलं की फुगतं, लेव्हल वर चढते, आणि सात-साडेसातला भर ट्रॅफिकमध्ये तोच गिअरबॉक्स ओव्हरफिल झालेला असतो. दुपारी दिवा लागला की आणखी कोणीतरी आणखी ओततो. थंड असतानाची खूण फक्त एवढंच सांगते की गाडी चालू करण्याइतकं ऑइल आहे. भरायचं की काढायचं ते गरमच्या खुणेवरच ठरवायचं.

तर लेव्हल अशी बघा. रिकामी गाडी फिरवून ऑइल साधारण ७० ते ९३ अंश सेल्सियसमध्ये आणा. १२० च्या वर गेलेलं असताना बघू नका, तेव्हा लेव्हल खोटी जास्त दिसते आणि लोक चांगलं ऑइल काढून टाकतात. गाडी सपाट जमिनीवर हवी, रस्त्याकडेला गटाराच्या बाजूने कललेली नको (आपल्याकडे अर्ध्या बस तशाच उभ्या असतात), चाकांना ठोकळे लावा. ब्रेक दाबून सिलेक्टर एकदा डी, एकदा आर असा फिरवून न्यूट्रलला आणा, हँडब्रेक ओढा, इंजिन आयडलवर चालूच ठेवा. बंद इंजिनवर घेतलेलं रीडिंग मी मानतच नाही, कारण वरचं ऑइल खाली उतरून लेव्हल जास्त दिसते. डिपस्टिक पुसून दोनदा बघा, दोन्ही रीडिंग जुळली पाहिजेत.

ॲलिसन कंपनीच्या गिअरबॉक्सचा बटणवाला सिलेक्टर असेल आणि ऑइल लेव्हलचा सेन्सर असेल तर वर-खालीचे दोन्ही बाण एकदम दाबा, गाडी थांबून दोनेक मिनिटं झाली की तो स्वतःच ओके, लो किंवा हाय दाखवतो, पुढचा आकडा क्वार्टमध्ये असतो, म्हणजे लिटरपेक्षा किंचित कमी.

ऑइल कुठलं ते मॅन्युअलमध्ये बघा. लाल दिसतं म्हणून स्टिअरिंगचं उरलेलं ऑइल ओतणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका.

रंगही बघा. काळपट आणि जळका वास म्हणजे आतल्या क्लच प्लेट भाजल्यात. दुधाळ गुलाबी म्हणजे पाणी शिरलंय, एकतर कूलर आतून फुटून कूलंट मिसळलंय नाहीतर पावसात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढताना ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवेच्या छिद्रातून) पाणी गेलंय. अशी गाडी एक फेरीसुद्धा मारू नका, कूलंटमधलं ग्लायकॉल क्लच प्लेटचं अस्तर खाऊन टाकतं. टो करताना मागची चाकं जमिनीवर असतील तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) सोडवून घ्या, कारण इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला ऑइल मिळत नाही.

लेव्हल बरोबर असेल तर कूलर. इंजिनही तापत असेल तर आधी रेडिएटर: जाळीतला चिखल आणि प्लास्टिक काढा, आतून बाहेर अशा दिशेने कमी प्रेशरने धुवा, फॅन आणि बेल्ट बघा. इंजिन नॉर्मल असेल तर टेंपरेचर गनने कूलरच्या दोन्ही ऑइल लाइन मोजा, येणारी आणि जाणारी सारखीच गरम असेल तर कूलर उष्णता काढतच नाहीये.

चाकाचे ब्रेक चिकटत नाहीत ना, ड्रमला हात न लावता गननेच बघा.

स्टॉल टेस्ट (ब्रेक दाबून, गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन करायची चाचणी) मात्र घरी नको, त्यात काही सेकंदांतच ऑइल भयंकर तापतं, ते काम माहितगार वर्कशॉपचं.

एवढं करून रिकामी गाडी त्याच रूटवर, त्याच वेळी फिरवा आणि टेंपरेचर लिहून घ्या. तरीही १२० ओलांडत असेल तर फिल्टर काढून त्यात धातूचा कीस आहे का बघा, आणि मगच गिअरबॉक्स उतरवायची भाषा करा.