सिव्हीसीआरएम वापरताय? या चुका टाळा

सभासदांची यादी एकाच्या लॅपटॉपवर, देणगीदारांची दुसऱ्याच्या वहीत, कार्यकर्त्यांची व्हॉट्सअ‍ॅपवर. अशा संस्थांना या सगळ्या नोंदी एका जागी ठेवणारं सिव्हीसीआरएम हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर मोठा आधार देतं. ते २००५ पासून चालू आहे. ते उभं करणाऱ्यांपैकी डोनाल्ड लोबो आयआयटी मुंबईत शिकलेले. परवान्याचे पैसे नाहीत, माहिती आपल्याच ताब्यात राहते आणि वर्डप्रेस किंवा द्रुपलवर बनवलेल्या वेबसाइटवर ते बसतंही. अडचणी सुरू होतात त्यानंतर.

एकच माणूस चार वेळा

सगळ्यात जास्त मनस्ताप याचाच. यादी इम्पोर्ट करताना हा माणूस आधीपासून आहे का, हे सिव्हीसीआरएम मुळात ईमेलवरून ठरवतं. आपल्याकडे गावोगावच्या कित्येक सभासदांचा ईमेलच नसतो. जुळवायला काही नसलं की प्रत्येक इम्पोर्टला तीच माणसं नव्याने दाखल होतात.

मग लोक नुसत्या मोबाईल नंबरचा नियम लावतात. तोही धोक्याचा, कारण अनेक घरांत फोन एकच असतो आणि सासू-सून एका नोंदीत जातात. पहिलं नाव आणि नंबर दोन्ही जुळले तरच एक माणूस, असा नियम करा: नावाला ५ गुण, नंबरला १०, आणि जुळणीसाठी किमान १५. नावं एकाच लिपीत असतील तरच हा नियम चालतो. एका यादीत देवनागरी आणि दुसरीत रोमन असेल तर आधी ते निस्तरा.

नंबरमधली मोकळी जागा आणि आडव्या रेघा सॉफ्टवेअर सांभाळून घेतं, पण सुरुवातीचा ० किंवा ९१ तसाच राहतो. म्हणून सगळे नंबर आधी १० आकडी करा. एक्सेलसारख्या प्रोग्राममधून फाइल ‘यूटीएफ-८ सीएसव्ही’ या प्रकारातच सेव्ह करा, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. आणि नोंदी एकत्र करण्याआधी बॅकअप घ्याच. एकत्र झालेल्या नोंदी पुन्हा सुट्या करायला बटण नाही.

मेल ‘शेड्यूल्ड’वरच अडकलं

सभेचं निमंत्रण तयार केलं, वेळ दिली, पण कुणालाच पोचलं नाही. अशा वेळी आधी क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सर्व्हरची सोय, पाहा. सर्व्हरवर दर दहा-पंधरा मिनिटांनी चालणारा क्रॉन जॉब लावल्याशिवाय सिव्हीसीआरएम ठरलेलं मेल पाठवत नाही. क्रॉन चालू असेल तर शेड्यूल्ड जॉब्जच्या यादीत मेल पाठवण्याचं काम सुरू आहे का, ते तपासा.

मेल निघतं पण स्पॅममध्ये जातं? पाठवणाऱ्याचा पत्ता जीमेलचा आणि मेल निघतं आपल्या सर्व्हरवरून, हे बहुधा कारण असतं. संस्थेच्या डोमेनचा पत्ता वापरा आणि मेल खरंच आपलं आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही नोंदी डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये घाला. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल याबाबत कडक झालं आहे.

सगळ्यांना सगळं दिसतं

प्रत्येक कार्यकर्त्याला संस्थेची सगळी यादी उघडी ठेवणं, याला मी अक्षम्य चूक म्हणेन. आंदोलनाला आलेल्यांचे पत्ते चुकीच्या हाती पडले तर भोगावं त्या माणसांना लागतं. तालुक्याचा गट करून कार्यकर्त्याला तेवढाच दाखवता येतो; तसंच करा. आधार क्रमांक गरज नसताना घेऊच नका.

डोमेन, होस्टिंग आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड किमान दोन जबाबदार माणसांकडे हवा. कार्यकर्ता संस्था सोडून गेला तर त्याचं खातं त्याच दिवशी बंद करा.