जपानी लहान गाड्या केनियात विकायच्या असतील तर

नैरोबीत न्गोंग रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या यार्डात नव्याने कामाला लागलेल्या माणसाला बहुतेक ठिकाणी आधी गिऱ्हाइकाशी बोलायला शिकवतात. ते हळूहळू जमतेच. पण गाडी सहज खपेल की महिनोन् महिने उन्हात उभी राहील, हे ती जपानच्या लिलावात घेतली त्या दिवशीच बरेचसे ठरलेले असते. म्हणून आधी खरेदीचे कागद वाचायला शिका.

सगळ्यात पहिले म्हणजे वयाची अट. केनियाच्या केएस १५१५:२००० या मानकानुसार आयात गाडी ८ वर्षांहून जुनी चालत नाही, आणि हे वय पहिल्या नोंदणीच्या वर्षावरून मोजतात. १ जानेवारी २०२५ पासून २०१८ किंवा त्यानंतर नोंदलेल्या गाड्याच आत येऊ लागल्या. दर जानेवारीत ही रेषा एक वर्ष पुढे सरकते. नवखे चुकतात ते इथे: बिल ऑफ लेडिंगवर (माल जहाजावर चढल्याच्या कागदावर) डिसेंबरची तारीख असून भागत नाही, गाडी ३१ डिसेंबरच्या आत मोंबासाला पोहोचलेली हवी. जहाज मध्ये कुठे रखडले तर आठवडे जातात. अटीच्या काठावरची स्वस्त गाडी ऑक्टोबरनंतर घेणे म्हणजे जुगार आहे. निघण्यापूर्वी जपानातच तपासणीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि ते केनियाच्या मानक ब्युरोने नेमलेल्या संस्थेचेच असावे लागते.

कराचे गणित गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडता आले पाहिजे. १५०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीचे सीमाशुल्क मूल्य १,००,००० शिलिंग धरा. २०२३ पासून आयात शुल्क ३५ टक्के आहे, म्हणजे ३५,०००. उत्पादन शुल्क २० टक्के, पण ते १,३५,००० वर लागते, म्हणजे २७,०००. त्यावर १६ टक्के व्हॅट १,६२,००० वर, म्हणजे २५,९२०. एकूण ८७,९२०. आयात घोषणा शुल्क आणि रेल्वे अधिभार याच्या वेगळे. शिवाय हे मूल्य तुम्ही लिलावात मोजलेल्या पैशांवरून ठरत नाही. महसूल प्राधिकरणाच्या किमतींच्या यादीतून वयानुसार घट वजा करून ते काढतात. गाडी स्वस्तात पडली म्हणून कर कमी होत नाही, हे गिऱ्हाइकाला पटायला वेळ लागतो. आणि लिलावात चुकून महाग घेतलीत तर तो बोजा पूर्ण तुमचा.

आता लिलावाचा तक्ता, म्हणजे तपासनिसाने गाडी बघून भरलेला कागद. ४.५ किंवा ४ ग्रेड चांगली, ३.५ ला रंगरंगोटीचा खर्च धरा, आर म्हणजे अपघातानंतर दुरुस्त केलेली. पण निव्वळ ग्रेडवर जाऊ नका, गाडीच्या आकृतीवरच्या खुणा जास्त बोलतात. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे रंगकामाची लाट, एस म्हणजे गंज, सी म्हणजे पत्रा खाल्लेला, डबल एक्स म्हणजे पॅनेल बदललेले. शेजारचा अंक जितका मोठा, तितके नुकसान मोठे. होक्काइदोकडची गाडी असेल तर खालच्या बाजूचे फोटो मागवाच, कारण तिकडे बर्फावर मीठ टाकतात. एजंटने केलेले भाषांतर पुरेसे समजू नका. तपासनिसाच्या हस्ताक्षरातला जपानी शेरा असलेला मूळ तक्ताच मागा, कारण भाषांतरातून गळते ते नेमके नको असलेले वाक्य.

मॉडेलांपैकी टोयोटाची व्हिट्झ सगळ्यात लवकर जाते. पुन्हा विकताना भाव मिळतो आणि किरिन्यागा रोडला सुटे भाग मिळतात, म्हणून. टोयोटाची पासो ही मुळात दाइहात्सूची बून, हे भाग शोधताना उपयोगी पडते. होंडाची फिट आणि माझदाची डेमिओ आतून मोकळ्या नि नीटस, तरी गिऱ्हाईक टोयोटाशी तुलना करणारच. डिझेल डेमिओ फक्त शहरात फिरणाऱ्याला देऊ नका: अडखळत्या ट्रॅफिकमध्ये धुराड्यातला फिल्टर जळून साफ होत नाही आणि तुंबतो. टोयोटाच्या अ‍ॅक्वामध्ये मागच्या सीटशेजारी हायब्रिड बॅटरीला हवा घेणारी जाळी असते. ती धुळीने किंवा सामानाने बंद झाली की बॅटरी तापते. यार्डात आल्याबरोबर ती साफ करा आणि डिलिव्हरीच्या वेळी गिऱ्हाइकाला बोट लावून दाखवा.

सीव्हीटीत (पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये) भलतेच तेल घातल्याने गिअरबॉक्स बिघडतो, त्यामुळे ऑइलचा प्रकार लिहिलेले स्टिकर बॉनेटखाली चिकटवा. पुढे गाडी रस्त्याकडेच्या जुआ काली मेकॅनिककडे जाणार आहेच. सुटा भाग मागवताना जपानी गाडीवर १७ अक्षरी क्रमांक शोधू नका. तिथे केएसपी१३० सारखा चॅसिस कोड आणि पुढे अनुक्रमांक असतो, तो पूर्ण द्यावा लागतो.

रेडिओची तक्रार पहिल्याच दिवशी येते. जपानी एफएम ७६ मेगाहर्ट्झला सुरू होऊन ९० ते ९५ ला संपते, केनियातले बँड १०८ पर्यंत जातात. बँड एक्स्पांडर लावा किंवा स्टीरिओच बदला, पण तो खर्च किमतीत आधीच धरा. गाडीतल्या स्क्रीनवरच्या जपानी नकाशाचा उपयोग शून्य.

गतिरोधकांवर गाडी घासते म्हणून स्पेसर घालून उंच करायची मागणी येते. जास्त उंच केली की ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो, रबरी बूट फाटतात आणि सांधा आवाज करू लागतो. १८५/६० आर १५ ऐवजी १८५/६५ टायर घातल्यास गाडी साधारण ९ मिलिमीटर उंच होते. व्यास ३ टक्के वाढल्याने स्पीडोमीटर तेवढे कमी दाखवतो. हे आधी सांगितलेले बरे.

चाचणीसाठी इंजिन गार असतानाच चावी फिरवू द्या. आधीच गरम करून ठेवलेली गाडी जाणकार बॉनेटला हात लावून ओळखतो आणि मग तुमच्या प्रत्येक शब्दावर शंका घेतो.

एम-पेसावर (मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेवर) अनामत घेतलीत तर तिथल्या तिथे पावती लिहा. त्यात चॅसिस क्रमांक, उरलेल्या रकमेची मुदत आणि सौदा मोडल्यास किती परत, हे तिन्ही असू द्या. नाव बदलण्याचे काम ई-सिटिझन या सरकारी संकेतस्थळावरून होते. पूर्ण पैसे खात्यात दिसेपर्यंत हस्तांतरण मंजूर करू नका, आणि लॉगबुक (गाडीच्या मालकीचा कागद) नव्या नावावर होईपर्यंत फाइल बंद करू नका.