पिकअपमध्ये स्नोमोबिल चढवायच्या आधी दारावरचा स्टिकर वाचा

डिसेंबर लागला, तळी गोठायला लागली की ओळखीतलं कोणी ना कोणी मला विचारतंच, "अरे माझ्या ट्रकची टोइंग कपॅसिटी ११ हजार पौंड आहे, दोन स्लेड म्हणजे काहीच नाही ना?" (स्नोमोबिल म्हणजे पुढे स्की आणि खाली-मागे रबरी पट्टा, म्हणजे ट्रॅक, असलेली बर्फावर चालणारी गाडी. इथे अमेरिकेत मिनेसोटात तिला सगळे स्लेडच म्हणतात, मीही पुढे तेच म्हणतो.) तर आधी हे डोक्यात पक्कं करा की ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. आपल्याकडे बैलजोडी गाडीभर ऊस ओढून कारखान्यावर नेते, पण त्यातला निम्मा ऊस बैलांच्या पाठीवर लादला तर ते जागचे हलणार नाहीत. जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेला ११ हजार, १३ हजार हा ओढायचा आकडा असतो. पाठीवर किती घ्यायचं त्याला पेलोड म्हणतात आणि तो त्यापेक्षा खूप म्हणजे खूपच कमी असतो, हाफ-टन ट्रकला (मोठ्या पिकअपमधला सगळ्यात हलका प्रकार) साधारण १,४०० ते १,९०० पौंड.

तुमच्या ट्रकचा नेमका आकडा बघायला ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीवर टायरच्या हवेचं माहितीपत्रक चिकटवलेलं असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर कधीही जाऊ नका असं लिहिलेलं असतं. तोच आकडा खरा. शेजाऱ्याचा सेम मॉडेलचा ट्रक असला तरी त्याचा आकडा तुमचा नाही, कारण सनरूफ, मोठी केबिन, फोर व्हील ड्राइव्ह, डिझेल इंजिन, प्रत्येक गोष्ट पेलोड खाते. नंतर तुम्ही बसवलेला टॉपर (बेडवरचं, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यावरचं झाकण), बेड लायनर, टूलबॉक्स हे पण त्यातूनच वजा करायचं. त्याच चौकटीवर दुसरा स्टिकर असतो, त्यावर जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे भरलेल्या ट्रकचं एकूण कमाल वजन आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलची वेगवेगळी मर्यादा असते. मागच्या ॲक्सलचा आकडा लिहून ठेवा, स्लेडच्या बाबतीत तोच सगळ्यात आधी पार होतो.

आता स्लेडचं वजन. ब्रोशरमध्ये जे असतं ते ड्राय वेट, म्हणजे पेट्रोल, ऑइल, कूलंट काही न भरता. टाकी १०-१२ गॅलनची, पेट्रोल गॅलनला सहा पौंडांच्या आसपास, म्हणजे नुसतं पेट्रोलच ६०-७० पौंड, वर ऑइल आणि बाकीचं. म्हणून मी ब्रोशरच्या आकड्यात सरळ १०० मिळवतो. ५०० लिहिलेली स्लेड ६०० धरायची, आणि फोर-स्ट्रोक दोन सीटवाली टूरिंग असेल तर ७०० च्या वर.

हिशोब करून बघूया. समजा स्टिकरवर १,६०० आहे. जाड कपड्यांसकट चार मोठी माणसं ७२०, हेल्मेट-बूट-बॅगा १६०, पाच गॅलनचे दोन भरलेले कॅन ७०, कूलर, टूल्स, फावडं असं १००. झाले १,०५०, उरले ५५०. आणि एक स्लेड ६०० ची! म्हणजे चौघं बसलेल्या हाफ-टन ट्रकच्या बेडमध्ये एक स्लेडसुद्धा नियमात बसत नाही. काही लोक बेडवर ॲल्युमिनियमचा स्लेड डेक (सपाट फलाट) टाकून त्यावर दोन स्लेड नेतात, दिसायला भारी दिसतं, पण डेक ४५० आणि दोन स्लेड १,२०० म्हणजे १,६५०, ड्रायव्हर सीटवर बसायच्या आधीच मर्यादा संपलेली. डेक हवाच असेल तर थ्री-क्वार्टर टन किंवा वन-टन (हाफ-टनपेक्षा जास्त वजन पेलणारा) ट्रक घ्या आणि तिथेही स्टिकर वाचाच, कारण डिझेल इंजिन जड असतं आणि ते पेलोडमधूनच जातं.

वजनाइतकंच लांबीचंही आहे. स्लेड दहा-अकरा फूट लांब आणि आजकालच्या क्रू कॅब (चार दारांच्या) ट्रकचा बेड साडेपाच फूट, म्हणजे टेलगेट (बेडचं मागचं झडप) उघडं ठेवून सुद्धा ट्रॅकचा भाग बाहेर लोंबतो. ॲक्सलच्या मागे वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात, आणि बर्फाळ रस्त्यावर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हींची भिस्त पुढच्या चाकांवर असते, त्यामुळे ही गोष्ट मला ओव्हरलोडइतकीच धोक्याची वाटते. शिवाय ट्रॅकच्या मागच्या टोकाचं सगळं वजन टेलगेट आणि त्याच्या दोन केबलवर येतं, मॅन्युअलमध्ये टेलगेटवर किती चालतं ते बघून घ्या. साडेसहा फुटी बेड बरा, आठ फुटी सगळ्यात चांगला.

मी स्वतः ट्रेलरच्या बाजूचा आहे. दोन स्लेडचा उघडा ॲल्युमिनियम ट्रेलर ५०० पौंडांच्या आसपास, त्यावर १,२०० म्हणजे १,७००. ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रकच्या मागे ट्रेलर जोडायच्या जागेवर) यायला हवा, त्याला टंग वेट म्हणतात, इथे तो १७० ते २५५ होतो. पेलोडमधून फक्त हा टंग वेट जातो, पूर्ण १,७०० नाही. वरच्या हिशोबातल्या ५५० मध्ये ते आरामात बसतं. तीच चार माणसं, तोच ट्रक, एकाऐवजी दोन स्लेड.

पण बंद ट्रेलर घेतला की गणित परत बदलतं. चार स्लेडचा बंद ट्रेलर रिकामा २,५०० धरा, स्लेड २,४००, सामान ३००, झाले ५,२००. ११ हजारांच्या निम्मं पण नाही ना? पण टंग वेट ५२० ते ७८० आणि आपल्याकडे उरलेत ५५०. म्हणजे ओढायची ताकद अर्धी शिल्लक आणि पाठ मात्र भरली. त्यात रिसीव्हरवरचा (ट्रकच्या मागे हिच बसवायच्या चौकोनी नळीवरचा) स्टिकर वाकून वाचा, बऱ्याच हाफ-टन ट्रकवर साध्या बॉलने ५,००० पौंड आणि ५०० टंग एवढंच चालतं, त्यापुढे वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लागतो. तो हिच थोडं वजन पुढच्या ॲक्सलवर ढकलतो, पेलोड वाढवून देत नाही. रिसीव्हर, बॉल माउंट, बॉल, कपलर (ट्रेलरचा बॉलवर बसणारा भाग), प्रत्येकावर आपापला आकडा कोरलेला असतो आणि त्यातला सगळ्यात लहान आकडा तोच तुमचा आकडा. बॉलची साइज कपलरशी जुळलीच पाहिजे, दोन इंची कपलरमध्ये एक सात-अष्टमांश इंचाचा बॉल बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात निसटतो.

ट्रेलरवर स्लेडचं तोंड पुढे ठेवा कारण इंजिनचं वजन पुढे असतं. उतरवायला सोपं म्हणून उलट्या चढवल्या तर वजन मागे जातं, टंग हलका होतो आणि ५५ मैलांच्या पुढे ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो. डुलायला लागला तर घाबरून ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगने सावरायला पण जाऊ नका, ॲक्सिलरेटर सोडा, ट्रेलर ब्रेकचा कंट्रोलर असेल तर फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने हळूच लावा. ब्रेकचा नियम प्रत्येक राज्यात वेगळा, आमच्या मिनेसोटात ट्रेलरचं एकूण वजन ३,००० पौंड झालं की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. डेट्रॉइटकडून मॅकिनॉ ब्रिज ओलांडून मिशिगनच्या उत्तरेकडच्या अप्पर पेनिन्सुलाला जाणाऱ्यांनी निघण्याआधी वारा बघावा, वारा वाढला की तिथे बंद ट्रेलरवाल्यांना ताशी २० मैलांनी आणि फार वाढला तर एस्कॉर्टच्या मागूनच सोडतात.

चढवताना रॅम्प ट्रकला पट्ट्याने बांधा, न बांधलेला रॅम्प ट्रॅकच्या धक्क्याने मागे उडतो आणि स्लेड माणसासकट खाली येते. बेडमध्ये चढवताना थ्रॉटल जरा जास्त दाबला गेला की स्लेड थेट मागच्या काचेत, म्हणून किल कॉर्ड (ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी) मनगटाला लावा आणि केबिनमध्ये मुलांना बसवून ठेवू नका. बांधताना पुढे स्कींवर आडवा बार आणि मागे बंपरला दोन रॅचेट पट्टे. हँडलबारला बांधायचं नाही. पट्ट्यावर दोन आकडे असतात, तुटायचा आणि वर्किंग लोडचा, वर्किंग लोड साधारण तुटायच्या आकड्याच्या एक तृतीयांश असतो, तोच धरायचा. थंडीत दहा अंश फॅरनहाइट उतरले की टायरची हवा एक पीएसआय कमी होते, ५० अंशांच्या गॅरेजमधून उणे १० मध्ये गेलात की सहा पीएसआय गेली समजा, तेव्हा बाहेर गार झालेल्या टायरलाच मोजा. ट्रेलरचे टायर छोटे असतात आणि बरेच ६५ मैलांपर्यंतचेच असतात, ट्रक ८० ने पळतोय म्हणून पळवू नका.

आणि एकदा तरी वजनकाट्यावर जा. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर मोठे काटे असतात, पिकअपवाल्यांनाही चालतात. सगळं सामान, सगळी माणसं घेऊन ट्रेलर जोडून वजन करा, मग ट्रेलर सोडून परत करा. ट्रकच्या दोन्ही ॲक्सलच्या बेरजेत जो फरक येतो तो तुमचा टंग वेट. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा मागचा ॲक्सल मर्यादेच्या १२० पौंड वर निघाला आणि मी तोवर दोन वर्षं बायको-मुलांना घेऊन तसाच अप्पर पेनिन्सुलातल्या होटनपर्यंत जात होतो. आता पेट्रोलचे कॅन आम्ही तिथे पोचल्यावरच भरतो आणि कूलर ट्रेलरमध्ये, ॲक्सलच्या थोडा पुढे.

परतीचा हिशोब बहुतेक जण करतच नाहीत. दिवसभर चालवलेल्या स्लेडच्या ट्रॅकमध्ये, सस्पेन्शनमध्ये, रनिंग बोर्डखाली बर्फ गोठून बसतो, एकेका स्लेडला ३०-५० पौंड सहज, आणि तो बहुतेक मागच्या भागात असतो, म्हणजे नेमका टंग हलका करणाऱ्या जागी. संध्याकाळी कितीही दमला असाल तरी रबरी हातोडा घ्या आणि चढवण्याआधी बर्फ झाडा. २५ मैलांवर पहिल्या गॅस स्टेशनला थांबून पट्टे परत आवळा कारण दाबलेला बर्फ विरघळला की ते ढिले पडतात, आणि त्याच थांब्यात चाकांच्या हबला हातमोजा काढून हात लावून बघा, एक हब बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर बेअरिंग गेलंय, तिथून पुढे ट्रेलर नेऊ नका.